ध्यान लागणं आणि ध्यान देणं
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेलं भाषण)



पंचवीस वर्षं एका छपराखाली काढल्याबद्दल आधी आपलं सगळ्यांचं अभिनंदन. समितीनं मला विषय दिला, ‘रोजच्या जगण्यात ध्यान’. मी काही योगगुरू नाही. पण मी मूळचा तेरखेड्याचा, आणि या विषयावर आमच्या भागाकडं सांगण्यासारखं बरंच आहे.

धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यातलं, सोलापूर-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं हे गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं. दिवाळीत तुम्ही उडवलेली एखादी माळ तिथली असूही शकेल. त्या फटाक्यात दारू हातानं भरावी लागते, वात हातानं बसवावी लागते. दारूला ठिणगी लागायला काडेपेटीच लागते असं नाही. लोखंडावर लोखंड घासलं, कुणी जोरात आपटलं, अंगावरच्या नायलॉनच्या कपड्यात वीज साठली, तरी पुरतं. म्हणून कपडे सुती हवेत, दारू थोडी-थोडीच घ्यायची आणि हात घाईत चालवायचा नाही. आमच्याकडं स्फोट झालेत, माणसं गेलीत. त्यामुळं घरातून कामावर निघालेल्या माणसाला सांगतात ते एकच: ‘ध्यान देऊन काम कर.’

आता आपली भाषा बघा. ‘ध्यान लागलं’ असंही आपण म्हणतो आणि ‘ध्यान दे’ असंही म्हणतो. शब्द एकच, पण दोन गोष्टी आहेत. ध्यान लागलं की माणूस जगाला विसरतो. ध्यान देणारा समोरच्या कामात पुरता हजर असतो. (तिसरं ‘काय ध्यान आहे!’ हे आपण शेजाऱ्याबद्दल म्हणतो, ते आज सोडून देऊ.)

आमच्याच जिल्ह्यात तेर आहे, संत गोरोबाकाकांचं गाव. त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. विठ्ठलाच्या नामात तल्लीन होऊन ते चिखल तुडवत होते, रांगत आलेलं मूल पायाखाली आलं आणि त्यांना कळलंच नाही. पुढं विठ्ठलकृपेनं मूल परत मिळालं, असं कथा सांगते. भक्तीची ती परमावधी आहे, तिच्यापुढं मी हात जोडतो. पण आपण संसारी माणसं. गॅसवर दूध आहे, जिन्यात नातू खेळतोय, टाकीची मोटर चालू आहे. आपल्याला रोज उपयोगी पडणारं ध्यान हे मूल रांगत आलेलं कळण्याचं ध्यान आहे.

ते शिकायचं कसं? इगतपुरीला 1976 पासून सत्यनारायण गोएंकाजींच्या परंपरेची विपश्यना शिबिरं होतात. दहा दिवसांच्या शिबिरात मौन असतं. सुरुवातीचे तीन दिवस करायचं काय, तर श्वास येतो-जातो तो नुसता बघायचा. लांब करायचा नाही, रोखायचा नाही. मन पळालं की रागावायचं नाही, परत आणायचं. शिबिरानंतर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावं असं ते सांगतात. इथल्या किती जणांना ते जमेल? डबे आहेत, लोकल आहे, आजारी सासू-सासरे आहेत. म्हणून माझं म्हणणं, दहा मिनिटांनी सुरू करा, पण रोज करा. जागा आणि वेळ ठरलेली ठेवा. मन शंभर वेळा पळालं तर शंभर वेळा परत आणा. हे परत आणणं हाच व्यायाम आहे. ‘मला जमत नाही, विचार फार येतात’ असं म्हणणाऱ्याचं खरं तर जमायला लागलेलं असतं, कारण विचार आलेले त्याला कळतात.

आणि उरलेल्या दिवसाचं काय? फोन वाजला की घेण्याआधी एक श्वास. लिफ्टची वाट बघताना मोबाइल खिशातच. भाजी चिरताना भाजीच. मुलगा शाळेतलं सांगतोय तेवढा वेळ टीव्ही बंद. याला चटई लागत नाही, फी लागत नाही.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगतो. फटाक्याच्या कारखान्यात ध्यान देऊन काम केलं म्हणून नियम सोडून चालत नाही. शेडमधलं अंतर, आगीची व्यवस्था, कामगारांचं प्रशिक्षण हे लागतंच. सगळा भार कामगाराच्या एकाग्रतेवर टाकणं हा अन्याय आहे. तसंच घरात कुणाला झोप नाही, जगणं नकोसं वाटतंय, तर ‘ध्यान कर’ एवढं सांगून मोकळं होऊ नका. त्याला डॉक्टरकडं न्या. आणि त्याच्याकडं ध्यान द्या, ते औषधाइतकंच लागतं.

संयुक्त राष्ट्रसंघानं 2024 मध्ये 21 डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन ठरवला. माझी सूचना अशी, की त्या एका दिवसासाठी थांबू नये. उद्यापासून सकाळी साडेसहाला ज्यांना जमेल त्यांनी गच्चीवर यावं. दहा मिनिटं गप्प बसायचं. भाषण नाही, वर्गणी नाही, फोटो तर नाहीच.

फरक पडतोय का, हे ओळखायची युक्तीही गोरोबाकाकांचीच. संतमेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं. नामदेव रागावले, तेव्हा काका म्हणाले, हे मडकं कच्चं. पुढं तेच नामदेव केवढे मोठे झाले, ते आपण जाणतो. आपलं थापटणंही तयार आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघेल, तेव्हा उत्तर देण्याआधी एक श्वास घेता आला, तर समजा, मडकं भाजायला लागलं.

सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, म्हणजे ध्यान दिलंत.