संस्थारचनेची परीक्षा आणि तिची तयारी

(बागली परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी योजलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवास संस्थानची कथा मराठी माणसाला परकी नाही. पेशवाईच्या काळात माळव्यात आलेल्या तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी १७२८ साली देवास येथे आपले ठाणे वसविले. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन घराणी एकाच गावात नांदू लागली. १८४१ नंतर दोन्ही पात्यांचा कारभार विभक्त झाला. गावच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका दरबाराकडे आणि दुसरी बाजू दुसऱ्या दरबाराकडे गेली. पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही दोन्ही बाजूंना निरनिराळी होती. रस्ता एक, रहिवासी परस्परांचे शेजारी, परंतु यंत्रणा मात्र दोन, असा तो प्रकार होता. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. काली सिंध नदीचा उगम जिथे होतो तो बागलीचा प्रदेश आज याच देवास जिल्ह्यात मोडतो.

संस्थाने गेली. तथापि एकाच नागरिकासाठी प्रत्येक खात्याने आपापली निराळी यंत्रणा उभारण्याची सवय कोणत्याही मोठ्या कारभाराला सहज जडते. शेताचा उतारा एका दप्तरात, शिधापत्रिका दुसऱ्या दप्तरात, मुलाची शिष्यवृत्ती तिसऱ्या दप्तरात. वृद्ध स्त्रीच्या नावापुढे एका कागदावर 'बाई' लागलेले असते, दुसऱ्यावर नसते. एवढ्या फरकाने तिचे निवृत्तिवेतन अडते आणि ती खिडकीवरून परत जाते. खिडकीवरचा कारकून कामात कुचराई करतो असे नाही. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे ठरविण्याची सोय त्याच्या हाती दिलेली नसते. अशी सोय संस्थेच्या घडणीतच कशी बसवावी, याचा विचार करणाऱ्या विद्येला एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणतात. मराठीत तिला संस्थारचना म्हणता येईल.

ही विद्या फार जुनी नाही. १९८७ साली आयबीएम कंपनीतील जॉन झाकमन यांनी संस्थेच्या माहितीव्यवस्थेचा आराखडा मांडणारा लेख प्रसिद्ध केला. पुढे १९९५ मध्ये ओपन ग्रुप या संघटनेने अमेरिकी संरक्षण खात्याच्या आराखड्याच्या आधारे 'टोगॅफ' नावाचे मानक तयार केले. त्याची दहावी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ मध्ये 'इंडिया' या नावाने शासकीय संस्थारचनेची चौकट जाहीर केली. या नावातील इंग्रजी आद्याक्षरे 'इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर' या शब्दांची आहेत. नागरिकाला अनेक खाती दिसू नयेत, एकच शासन दिसावे, हा तिचा हेतू होय.

मध्य प्रदेशातील 'समग्र' योजना हे या विचाराचे जवळचे उदाहरण आहे. तिच्यात प्रत्येक कुटुंबास आठ अंकी आणि कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस नऊ अंकी क्रमांक मिळतो. निरनिराळ्या योजनांनी तोच क्रमांक वापरावा, अशी कल्पना आहे. याच राज्याने २०१० मध्ये लोकसेवांची हमी देणारा देशातील पहिला कायदा केला. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. कायदा मुदत ठरवितो. ती मुदत पाळता यावी अशी घडण मात्र कोणी तरी आखावी लागते. हे आखणारे लोक तयार व्हावेत यासाठी प्रमाणपत्र परीक्षा आहेत, आणि त्यांत टोगॅफची परीक्षा विशेष प्रचलित आहे.

परीक्षेचे स्वरूप प्रथम नीट समजून घ्यावे. पहिल्या भागात चाळीस प्रश्न असून प्रत्येकास पर्यायी उत्तरे दिलेली असतात. त्यासाठी साठ मिनिटे मिळतात, म्हणजे दर प्रश्नास दीड मिनिट. उत्तीर्ण होण्यास साठ टक्के, अर्थात चोवीस उत्तरे बरोबर यावी लागतात. दुसऱ्या भागात आठच प्रश्न असतात, परंतु प्रत्येकात एका संस्थेची परिस्थिती विस्ताराने सांगितलेली असते. वेळ नव्वद मिनिटांचा, म्हणजे दर प्रश्नास सुमारे अकरा मिनिटे. येथे सर्वोत्तम उत्तरास पाच, त्याखालच्यास तीन, त्याहून दुबळ्यास एक आणि चौथ्यास शून्य गुण मिळतात. या भागात मानकाचा ग्रंथ पाहण्याची मुभा असते. पण कोणती गोष्ट कोठे आहे हे ज्याला आधी ठाऊक नाही, त्याचा वेळ पाने शोधण्यातच संपतो.

या परीक्षेत अडखळणारे अनेक उमेदवार पाठांतरावर भिस्त ठेवतात. नव्या संज्ञा शेकड्यांनी येतात, त्या घोकल्या जातात आणि परिस्थितीचा प्रश्न समोर येताच निसटून जातात. यावर खात्रीचा उपाय एकच. ओळखीची एक कचेरी निवडावी आणि वाचलेली प्रत्येक संज्ञा तिच्यावर लावून पाहावी. बागलीच्या उमेदवारास यासाठी लांब जावे लागत नाही. तहसिलीच्या गावी असणारे लोकसेवा केंद्र त्याला पुरेसे आहे.

समजा, एका पालकाने मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला. अर्ज कोण घेतो, कोण तपासतो, कोण सही करतो आणि किती दिवसांत, हा सारा कामाचा क्रम होय. पुस्तकात त्याला बिझनेस आर्किटेक्चर म्हटले आहे. अर्जात कोणती माहिती आहे, तिची मूळ नोंद कोणत्या खात्याची आणि नकला कोठे कोठे आहेत, हा डेटा आर्किटेक्चरचा प्रांत. ही माहिती हाताळणाऱ्या संगणकीय प्रणाली आणि त्यांचे परस्परसंबंध हे ॲप्लिकेशन आर्किटेक्चर. यंत्रे, जोडण्या आणि वीज गेल्यास काय करावयाचे याची तजवीज हे टेक्नॉलॉजी आर्किटेक्चर. एका दाखल्याचा प्रवास या चार अंगांनी स्वतःच्या हाताने कागदावर काढला, की पुस्तकाचा मोठा भाग आपोआप उलगडतो.

त्यानंतर टोगॅफची कार्यपद्धती घ्यावी. ती वर्तुळाच्या रूपाने दाखवितात. पूर्वतयारी झाल्यावर प्रथम उद्दिष्ट ठरते, मग वरील अंगांचे आजचे व उद्याचे चित्र काढले जाते, दोहोंतील अंतर मोजले जाते, ते भरून काढणारी कामे निवडून त्यांचा क्रम लागतो, अंमलबजावणीवर देखरेख राहते आणि शेवटी बदलत्या गरजांची नोंद घेतली जाते. वर्तुळाच्या मध्यभागी गरजांचे व्यवस्थापन असते, कारण प्रत्येक पायरीवर गरज पुन्हा तपासावयाची असते. दर रविवारी हे वर्तुळ पुस्तक मिटून कागदावर काढावे. प्रत्येक पायरीशी तिच्यात काय येते आणि तिच्यातून काय निघते, हे लिहावे. चार-सहा रविवारांनंतर पहिल्या भागाची धास्ती राहत नाही.

दुसऱ्या भागाचा सराव कसा करावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका राज्यात शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन आणि शिधावाटप यांच्या लाभार्थ्यांच्या याद्या स्वतंत्र आहेत. माणसे तीच, पण नावे जुळत नाहीत. शासनाने रचनाकार नेमून एकत्रित व्यवस्थेचे उद्दिष्ट मांडण्यास सांगितले आहे. त्याने प्रथम काय करावे? एक उत्तर म्हणते, नवी शक्तिशाली यंत्रे खरेदी करावीत. दुसरे म्हणते, याद्या एकत्र करण्याचा तपशीलवार आराखडा लगेच सुरू करावा. तिसरे म्हणते, तिन्ही खातेप्रमुखांशी बोलून आजची स्थिती लिहून काढावी. चौथे म्हणते, खातेप्रमुख, खिडकीवरचे कर्मचारी आणि लाभार्थी यांच्या अडचणी जाणून घ्याव्यात, कामाची व्याप्ती ठरवावी आणि तिला वरिष्ठांची मान्यता घ्यावी. चौथे उत्तर सर्वोत्तम. तिसरे त्याखालोखाल, कारण त्यात लाभार्थी सुटला आणि मान्यताही राहिली. दुसऱ्याने पुढची पायरी आधी टाकली. पहिल्याने प्रश्न ऐकलाच नाही. सरावाच्या वेळी योग्य उत्तर ओळखून थांबू नये. उरलेली तीन उत्तरे का उणी पडतात, हे प्रत्येकी एका वाक्यात लिहावे. गुणांचा फरक तेथेच पडतो.

भाषेची अडचण खरी आहे. आपल्याकडे ही परीक्षा बहुधा इंग्रजीतून दिली जाते. माळवी, मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या उमेदवाराने एक वही करून तीत प्रत्येक इंग्रजी संज्ञेसमोर आपल्या बोलीतला अर्थ आणि कचेरीतले एक उदाहरण लिहावे. अर्थ बोलीत पक्का झाला, की परकी भाषा परीक्षेपुरती वळविता येते. गावातील शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, तर ही वही दोघांना मिळून अधिक चांगली करता येईल.

खर्चाचाही विचार करावा. शुल्क डॉलरमध्ये आकारले जाते आणि सामान्य कुटुंबाला ते जड वाटते. म्हणून घाईने नाव नोंदवू नये. मानकाचा मजकूर ओपन ग्रुपच्या संकेतस्थळावर वाचावयास मिळतो. तो आधी वाचावा, वेळ लावून सराव परीक्षा द्याव्यात, आणि त्यांत सातत्याने साठ टक्क्यांच्या बऱ्याच वर गुण पडू लागले की मगच पैसे भरावेत. फुटलेल्या प्रश्नांचे संच विकणाऱ्यांपासून दूर राहावे. त्यात नियमभंग आहे, आणि अशा मार्गाने मिळालेले प्रमाणपत्र पहिल्याच मुलाखतीत उघडे पडते. प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हेही घरच्यांना आधीच सांगावे. संगणकाच्या कामाचा काही वर्षांचा अनुभव असलेल्यास त्याचा लाभ अधिक होतो. नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणाने प्रथम काम शिकावे आणि अभ्यास सोबत चालू ठेवावा.

जे परीक्षेस बसणार नाहीत त्यांनाही या अभ्यासाचा एक भाग घेण्यासारखा आहे. सरपंचांनी, ग्रामसेवकांनी आणि मुख्याध्यापकांनी आपल्या कचेरीतील एका अर्जाचा प्रवास एकदा कागदावर काढून पाहावा. तीच माहिती नागरिकाकडून कितीदा मागितली जाते, हे मोजावे. जेथे ती दुसऱ्यांदा मागितली जाते, तेथे खूण करावी आणि ती खूण वरिष्ठांच्या नजरेस आणावी. नावातील 'बाई'साठी परत गेलेल्या स्त्रीचे काम अशा एखाद्या खुणेनेही पुढे सरकू शकते.