आवरण आणि छिद्र

(हीरकमहोत्सवी सोहळ्यातील मुख्याध्यापिकांचे मनोगत)



आजच्या मंगल प्रसंगी शाळेच्या यशाचा आढावा अनेकांनी घेतला. मी माझ्या एका चुकीविषयी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात श्रवणयंत्र लावणारी एक विद्यार्थिनी होती. मी शिकवताना तिच्या बाकाजवळ गेले की अधूनमधून ती यंत्र काढून ठेवी. लक्ष नाही, असे समजून मी तिला सर्वांदेखत रागावले. ती हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही जवळ आलात की कानात भुंगा गुणगुणतो."

तो भुंगा माझ्या पर्समधील मोबाइल होता. त्याच्या विद्युतचुंबकीय लहरी यंत्राच्या परिपथात शिरून आवाजाचे सोंग घेत होत्या.

मी भाषेची शिक्षिका. विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून पुढचे समजून घेतले. १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅराडे बारा फूट लांबी-रुंदी-उंचीच्या, वाहक आवरणाच्या पिंजऱ्यात स्वतः बसले. बाहेर ठिणग्या उडत होत्या. आत विद्युतप्रभाराचा मागमूस नव्हता. आजची संरक्षक आवरणे याच तत्त्वाची वारसदार आहेत. धातू जड पडतो, म्हणून प्लॅस्टिकला आतून वाहक लेप देतात. २०१६ मध्ये अमेरिका व दक्षिण कोरियातील संशोधकांनी टायटॅनियम कार्बाइडचा, केसाहूनही पातळ, ४५ मायक्रॉनचा पडदा सिद्ध केला. त्यातून लहरींच्या शक्तीचा शंभर कोटींतील एक भागही पलीकडे जात नाही.

परंतु श्रवणयंत्र पूर्ण बंद केले, तर शिक्षकाचा आवाजही बाहेरच राहील. म्हणून आवरणाला छिद्र ठेवावेच लागते. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. मिलिमीटरभर छिद्रातून ती सहसा शिरू शकत नाही, आवाज मात्र सहज जातो. अडवणे सोपे, काय अडवावे आणि काय आत घ्यावे, हे ठरवण्यात रचनाकाराचे कौशल्य आहे.

परप्रांतात साठ वर्षे मराठी शाळा चालवताना आमच्यापुढेही हाच प्रश्न होता. मराठी जपायची होती, पण भोवतालच्या भाषांना दार बंद करायचे नव्हते. ते छिद्र कोठे आणि किती असावे, हे आम्ही आजही शिकत आहोत.

त्या मुलीची क्षमा मी वर्गासमोरच मागितली. तेव्हापासून माझा मोबाइल कार्यालयातच राहतो. आणि एखादे मूल ऐकत नाही असे वाटले, की त्याला काय ऐकू येत आहे, हे मी आधी विचारते.