कट्ट्याभोवतीचा फेरा आणि कुत्र्याचे नाक

शहरातला, सपाट आणि अर्ध्या तासात संपणारा रस्ता पायी भटकण्याची आवड असणाऱ्यांना सहसा दुय्यम वाटतो, कारण त्यात ना चढ असतो, ना दरी, ना वर पोहोचल्याचे समाधान. ज्यांच्या घरी कुत्रा आहे आणि ज्यांना दिवसातून दोनदा त्याला घेऊन खाली उतरावेच लागते, त्यांच्या वाट्याला मात्र बहुधा असाच रस्ता येतो, आणि आपण कुत्र्यासाठी पुरेसे करत नाही अशी रुखरुख त्यांच्यापैकी अनेकांना लागून राहते. प्रस्तुत भाषणाचा विषय हाच रस्ता आहे. कुत्र्याच्या शरीराची आणि ज्ञानेंद्रियांची घडण नीट समजून घेतली, तर असा छोटा सपाट फेरा त्याला पुरेसा ठरू शकतो, मात्र त्या फेऱ्याचे माप किलोमीटरमध्ये न घेता कुत्र्याच्या नाकाला मिळालेल्या वेळात घ्यावे लागते, हे येथे मांडायचे आहे.

विवेचनाला आधार म्हणून मुंबईच्या दादर भागातील शिवाजी पार्क घेणे सोयीचे ठरेल. १९२५ मध्ये माहीम पार्क या नावाने खुल्या झालेल्या या मैदानाला १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने आजचे नाव मिळाले. मैदानाला वेढणारा ठेंगणा कट्टा आणि त्याला लागून जाणारा पदपथ यांचा पूर्ण फेरा सुमारे १.२ किलोमीटरचा भरतो, आणि त्यात चढउतार जवळजवळ नाहीतच. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत येथे झपझप चालणारे, कट्ट्यावर बसून गप्पा मारणारे, खेळायला आलेली मुले आणि कुत्र्याला फिरवणारे असे सगळे एकाच अरुंद पट्ट्यात वावरतात. माणसाने सरळ चालत राहायचे ठरवले, तर हा फेरा पंधरा मिनिटांत पुरा होतो. कुत्र्याला त्याच्या मनाप्रमाणे थांबू दिले, तर त्याच फेऱ्याला पाऊण तासही लागतो, आणि या दोन वेळांमधला जो फरक आहे, त्यातच कुत्र्याचे खरे फिरणे होत असते.

हा फरक का पडतो, हे कळण्यासाठी कुत्र्याच्या नाकाची रचना पाहावी लागते. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी, म्हणजे गंधग्राही पेशी, सुमारे पन्नास-साठ लाख असतात, तर अनेक जातींच्या कुत्र्यांत त्यांची संख्या वीस कोटींच्या पुढे जाते. परंतु केवळ संख्येने कुत्र्याच्या नाकाचे सामर्थ्य उलगडत नाही, कारण त्याचे खरे कौशल्य हवा हाताळण्यात आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले की कुत्रा हुंगतो तेव्हा आत आलेल्या हवेचे नाकातच दोन भाग होतात. मोठा भाग श्वासासाठी फुप्फुसाकडे जातो, आणि सुमारे आठवा भाग वेगळ्या वाटेने नाकाच्या अगदी मागच्या कप्प्यात वळवला जातो, जेथे कागदासारख्या पातळ, गुंडाळीदार हाडांवर गंधग्राही पेशींचे अस्तर पसरलेले असते. बाहेर पडणारा उच्छ्वास या कप्प्यातून जात नसल्यामुळे तेथे आलेला वास धुऊन निघत नाही आणि पुढच्या हुंगण्याबरोबर त्यात भर पडत जाते. शिवाय उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून मागे आणि कडेला सोडला जातो, त्यामुळे पुढ्यातला वास उधळला जात नाही. एका सेकंदात सुमारे पाच वेळा चालणारी ही क्रिया साध्या श्वासोच्छ्वासापेक्षा निराळी आहे, आणि कुत्र्याला ओढत चालवले असता ती नीट होऊच शकत नाही.

वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूच्या वरच्या अंगाला आणखी एक इंद्रिय असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे वर्णन करणाऱ्या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला जेकबसनचे इंद्रिय म्हणतात. दुसऱ्या कुत्र्याचे लिंग आणि प्रजननाची अवस्था यांविषयीचे रासायनिक संकेत, जे हवेत फारसे उडत नाहीत आणि ओलसर पृष्ठभागाला चिकटून राहतात, ते टिपण्याचे काम त्याच्याकडे असते. कुत्रा एखादी जागा चाटून पाहतो किंवा हुंगल्यावर जबडा थरथरवत दात हलकेच वाजवतो, तेव्हा बहुधा या इंद्रियाकडे नमुना पोहोचवला जात असतो. घाणेरडी सवय म्हणून यावर ओरडणारे पुष्कळ मालक असतात, आणि ही गोष्ट खेदाची आहे.

शिवाजी पार्कच्या कडेने मोठमोठे पर्जन्यवृक्ष उभे आहेत. त्यांपैकी एकाच्या बुंध्याशी थांबलेला कुत्रा जवळून पाहिला, तर त्याच्या कामाचा क्रम स्पष्ट दिसतो. प्रथम तो चालता चालता मान वळवतो आणि वाऱ्याच्या दिशेने नाक उचलतो, मग बुंध्याजवळ येऊन जमिनीपासून वीतभर उंचीवर नाक टेकवतो आणि लहान, जलद, ऐकू येतील असे श्वास घेऊ लागतो. नाक एका रेषेत वर जाते, एका ठिकाणी अडते, पुन्हा खाली येते, बुंध्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला तेच होते, आणि अखेरीस नर असेल तर पाय उचलून तो स्वतःची खूण सोडतो. ही खूण नेहमी प्रामाणिक असतेच असे नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या बेटी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की लहान चणीचे नर आपल्या उंचीच्या मानाने पाय अधिक उंच उचलतात आणि त्यामुळे त्यांची खूण अपेक्षेपेक्षा वर उमटते. आपण आहोत त्याहून मोठे भासावे, हा त्यामागचा हेतू असावा असे संशोधकांनी सुचवले आहे. पावसाने, उन्हाने आणि नव्या कुत्र्यांच्या येण्याजाण्याने बुंध्यावरचा हा मजकूर रोज बदलत असतो, म्हणून माणसाला तोच तो वाटणारा फेरा कुत्र्याच्या लेखी रोज नवा असतो. नव्या जागेच्या शोधात दर रविवारी गाडी काढण्याची गरज कुत्र्यापेक्षा माणसालाच अधिक असते, असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही.

हुंगण्याचा परिणाम कुत्र्याच्या मनःस्थितीवरही होतो. शार्लोट ड्यूरांटन आणि न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले होते. एका गटाला दोन आठवडे वासावरून खाऊ शोधण्याचा सराव दिला गेला आणि दुसऱ्याला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. नंतर, खाऊ असेल की नसेल याची खात्री नाही अशा जागी ठेवलेल्या भांड्याकडे कुत्रा किती लवकर जातो, हे मोजण्यात आले. हुंगण्याचा सराव झालेले कुत्रे पूर्वीपेक्षा लवकर गेले, म्हणजे अनिश्चित प्रसंगी चांगले काही घडेल अशी त्यांची अपेक्षा वाढली होती. पायाशी चालणाऱ्या गटात असा बदल दिसला नाही. प्रयोग शोधखेळाचा होता, रस्त्यावरच्या फेऱ्याचा नव्हता, ही मर्यादा लक्षात ठेवूनही त्यातून फेऱ्यासाठी बोध घेता येतो.

व्यवहारात या बोधाचा संबंध दोरीशी येतो. गर्दीच्या पदपथावर साधारण सहा फुटांची साधी दोरी योग्य असते. बटण दाबले की लांबत जाणारी दोरी तेथे टाळावी, कारण ती चालणाऱ्यांच्या पायांत अडकते आणि ऐन वेळी कुत्रा आवाक्यात राहत नाही. दोरी गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणाऱ्या हार्नेसला बांधली, तर ओढ बसताच ती छातीवर विभागली जाते. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत श्वासनलिकेच्या कूर्चा मुळातच दुबळ्या असण्याची शक्यता असते, आणि गळ्याला बसणारे हिसके त्यांना घातक ठरतात. दोरी ढिली ठेवून कुत्र्याच्या मागे एखादे पाऊल राहणे, आणि वाहन किंवा घोळका समोर आला की शांतपणे ती जवळ घेणे, एवढ्याने बहुतेक काम भागते. पैसे घेऊन कुत्री फिरवणाऱ्या काही जणांच्या हातात एकाच वेळी चार-पाच दोऱ्या दिसतात. त्यांच्या कष्टांविषयी आदर बाळगूनही हे सांगितलेच पाहिजे की अशा फिरण्यात एकाही कुत्र्याला एकाही झाडाशी पुरेसे थांबता येत नाही, आणि मालकाने नेमणूक करतानाच एका वेळी एक किंवा फार तर दोन कुत्री अशी अट घालावी.

सपाटीचे मोल सांध्यांच्या बाबतीत कळते. वाढत्या वयाच्या पिल्लांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीचे कूर्चामय थर असतात, आणि ते पक्के होईपर्यंत पायऱ्या, उड्या आणि लांब पल्ल्याची धाव त्यांना त्रासदायक ठरते. लॅब्रॉडॉर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. या सर्वांना, तसेच सोसायटीच्या बंद घरात खाऊन-पिऊन लठ्ठ झालेल्या कुत्र्यांना, सपाट आणि कोठूनही मागे फिरता येईल असा फेराच सर्वांत सुरक्षित असतो.

मात्र सपाट रस्ता बहुधा फरसबंदीचा किंवा डांबराचा असतो, आणि मुंबईसारख्या शहरात त्यातून उष्णतेचा गंभीर प्रश्न उभा राहतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात आणि शरीर थंड ठेवण्याचे जवळजवळ सारे काम धापा टाकण्यावर, म्हणजे जीभ, तोंड आणि नाक यांच्या ओलसर आवरणावरून पाण्याची वाफ होण्यावर, अवलंबून असते. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर ही वाफ होण्याचा वेग मंदावतो, म्हणून कोरड्या प्रदेशात सोसवेल तेवढ्याच तापमानात समुद्राकाठच्या मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात कुत्रा कोलमडू शकतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत नाकाचा मार्गच आखूड आणि दाटीचा असल्याने त्यांचा धोका आणखी मोठा असतो. त्यांना सकाळी सातनंतर या ऋतूंत बाहेर काढू नये, असे येथे स्पष्टपणे सुचवावेसे वाटते. फरशीवर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल, तर ती पंजांनाही भाजणारी आहे असे समजावे. लाळ घट्ट व चिकट होणे, हिरड्या गडद लाल दिसणे आणि चाल अडखळणे ही उष्माघाताची लक्षणे होत. ती दिसताच कुत्र्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच अवस्थेत विलंब न करता पशुवैद्यकाकडे न्यावे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्याचे भय असते. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरा जातीचे जिवाणू मुंबईकरांच्या चांगल्याच परिचयाचे आहेत. ते जखमेतून, तसेच तोंड, नाक व डोळे यांच्या मऊ त्वचेतून कुत्र्याच्याही शरीरात शिरतात आणि मूत्रपिंड व यकृत यांना इजा करतात. यावर दरवर्षी द्यायची लस उपलब्ध आहे. डबके टाळणे आणि घरी परतल्यावर बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या मागे आणि पट्ट्याखाली गोचीड चाचपून पाहणे, हे फेऱ्याचेच अंग मानले पाहिजे, कारण गोचिडांमुळे होणारे रक्ताचे विकार आपल्याकडे फार आढळतात.

हा पदपथ सर्वांचा आहे, आणि त्या सर्वांत तेथे राहणारी मोकळी कुत्रीही येतात. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाजाने मुंबईत दंगा केला होता, इतका या शहराचा आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचा संबंध जुना आणि भावनेचा आहे. कानाला खाच असलेला कुत्रा म्हणजे शस्त्रक्रिया करून पुन्हा त्याच जागी सोडलेला कुत्रा होय, आणि मार्च २०२३ मध्ये लागू झालेल्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार हीच रीत अपेक्षित आहे. पाळीव कुत्रा अशा कुत्र्याच्या हद्दीतून जात असतो, म्हणून दोघांना समोरासमोर आणून उभे करू नये. दोरी न ताणता बाकदार वळसा घेऊन पुढे निघून जावे, कारण ताणलेल्या दोरीमुळे कुत्र्याची मान आणि छाती वर उचलली जाते आणि समोरच्याला तो पवित्रा आव्हानाचा वाटतो.

माणसांच्या बाबतीत जबाबदारी कायद्यानेच ठरवून दिलेली आहे. मुंबईत पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस आवश्यक आहे, तर प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा करून इतरांना धोका पोहोचवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. विष्ठा उचलण्याच्या बाबतीत जीवशास्त्राचे कारण कायद्याहून प्रभावी आहे. कुत्र्याच्या आतड्यातील गोलकृमींची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात तेव्हा लगेच संसर्ग करू शकत नाहीत, त्यांना मातीत तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि मग ती वर्षानुवर्षे मातीत टिकून मुलांच्या हातांवाटे पोटात जाऊ शकतात. म्हणजे त्याच क्षणी पिशवीत उचललेली विष्ठा जवळजवळ निरुपद्रवी असते आणि तशीच राहिलेली विष्ठा पुढच्या महिन्यात तेथे खेळणाऱ्या मुलाच्या वाटेत उभी असते. ज्या मैदानावर मुलांच्या कितीतरी पिढ्या खेळल्या, त्याच्या कडेला ही टाळाटाळ क्षम्य मानता येत नाही.

म्हाताऱ्या कुत्र्याचा विचार येथे वेगळा करावा लागतो. त्याचे खुबे आखडलेले असतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला असतो, हाक ऐकू येईनाशी होते, परंतु हुंगण्याची शक्ती बऱ्याचदा या सर्वांहून अधिक काळ साथ देते. अशा कुत्र्याला पूर्ण फेरा घालायला लावू नये. मैदानाच्या एका बाजूची तीन-चार झाडे, मध्ये कट्ट्याच्या सावलीत विसावा आणि आल्या वाटेने परत, असे पंधरा-वीस मिनिटांचे फिरणे दिवसातून दोन-तीनदा घडले, तर त्याचे सांधेही हलते राहतात आणि नाकालाही काम मिळते. आठवडाभर घरात ठेवून रविवारी एकदम लांब नेणे मात्र त्याला हमखास बाधते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना तो लंगडू लागला तर आदल्या दिवशीचे अंतर त्याला जास्त झाले, असे समजून ते लगेच कमी करावे.