उंबराखालचं घर

आज पदवीधर झालेल्या मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. सकाळची पनवेल लोकल चुकू नये म्हणून ज्या घरांत पहाटे चारला डबा भरला गेला, त्या घरांचंही अभिनंदन.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. फार वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी आम्ही घरांच्या नोंदीचं ॲप तयार केलं. त्यात ‘घर क्रमांक’ हा रकाना मी सक्तीचा ठेवला. कार्यालयात सगळं झकास चाललं. डोंगरातल्या एका ठाकरवाडीत गेलो, तर एकही नोंद पुढे सरकेना. तिथल्या घरांना क्रमांकच नव्हते. एक आजी म्हणाली, “नंबर नाय तं घर नाय का रं?” मला उत्तर देता आलं नाही.

तो प्रश्न पुन्हा आठवला तो इर्शाळवाडीमुळे. ज्या चौक गावाजवळ ती वाडी होती, ते इथून फार लांब नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगावरची ती वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं ढिगाऱ्यातच राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं पावसाचिखलातून चढून गेली. आणि दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचं नावच नव्हतं.

दुसरीकडे, याच परिसरात नवी मुंबईच्या विमानतळासाठी आपण उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावठाणं हलवली. डोंगर हलवायचं तंत्र आपल्याजवळ होतं. डोंगर हलणार आहे, हे वाडीला वेळेत सांगायचं तंत्र मात्र नव्हतं.

त्या दरडीनंतर बरोबर वर्षानं, १९ जुलै २०२४ला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र कोलकात्यात सुरू झालं. बातमी चांगली आहे. पण कोलकात्यातला अंदाज रायगडच्या वाडीत पोचायला मधे माणसं लागतात. डोंगरावरचा पाऊस मोजणारं कुणीतरी हवं, नेटवर्क गेल्यावर भोंगा वाजवणारं कुणीतरी हवं, आणि भोंगा वाजल्यावर कुठल्या वाटेनं उतरायचं हे वाडीबरोबर बसून आधीच ठरवणारंही हवं. उपग्रहापासून उंबऱ्यापर्यंतची ती शेवटची वाट अजून बांधायची आहे.

ती कशी बांधतात, हे गडचिरोलीत बघा. ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. मिनिटाला श्वास किती, यावरून तो ओळखता येतो. पण गावातल्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. त्यांनी दाईला नापास केलं नाही, यंत्र बदललं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी, शेवटचा लाल. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. गावपातळीवरच्या या उपचारानं बालमृत्यू घटले, हे १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं छापलं. या यंत्राला वीज लागत नाही. दाईला काय येत नाही, यापेक्षा काय येतं, याची चौकशी तेवढी आधी करावी लागली.

आता नोकऱ्यांचं बोलतो. मागे बसलेले पालक मघापासून त्याचीच वाट बघताहेत. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या कामाला नकाशे करणारी, आकडे तपासणारी, हिशेब चोख ठेवणारी माणसं लागतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा आहे. त्यामुळे दृष्टिहीन माणसाला एखादं संकेतस्थळ खरोखर वापरता येतं का, हे तपासणं हासुद्धा आता एक व्यवसाय आहे. संगणकाला आपल्या बोली शिकवायच्या, तर त्या येणारी मुलं हवीत. घरची आगरी, ठाकरी किंवा कातकरी बोली वर्गात लाजून लपवली असेल, तर ती आता अर्जात पात्रता म्हणून लिहा.

सुरुवातीचा पगार मित्रापेक्षा कमी असू शकेल. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असेल, तर आधी ते खुशाल फेडा. उपाशी पोटी सेवा करा, असं सांगायला मी आलेलो नाही. तुमच्यातले बरेच जण बँकेत, महापालिकेत, विमानतळावर जातील. तिथेही रोज कुणीतरी एखादा रकाना सक्तीचा करत असतं. उद्या ते कुणीतरी तुम्ही असाल. त्याआधी एकदा वाडीवर जाऊन या.

आमच्या त्या ॲपमध्ये शेवटी आम्ही एक नवा रकाना घातला: घर कुठे आहे, घरच्यांच्याच शब्दांत. आजीनं सांगितलं, “उंबराखालचं पयलं.” तेवढंच लिहिलं, आणि त्या वाडीतली पहिली नोंद पुढे सरकली.