कंपनी छापत नाही त्यांची कार्डं



गेल्या वर्षी मार्च ते ऑगस्ट मी लेकीकडे अमेरिकेत होते, आयोवा राज्यात. परत आल्यापासून जी ती विचारते, तिथं काय पाहिलंत? उंच इमारतींचं वर्णन ऐकायला मिळेल असं बायांना वाटतं. पण आयोवा म्हणजे शेतीचा मुलूख. नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन, आणि माणसांपेक्षा डुकरं कितीतरी जास्त. सोयाबीनबद्दल पुन्हा कधीतरी बोलेन. आज मी माझ्या बारा वर्षांच्या नातवाचा एक उद्योग सांगणार आहे. आधी मला तो पोरखेळ वाटला होता. पण त्याच्यात आपल्या गटांनी उचलण्यासारखं काहीतरी आहे.

नातू खेळाडूंची कार्डं गोळा करतो. आपल्या लहानपणी पोरं काडेपेटीवरचे छाप जमवायची आणि एकमेकांत अदलाबदल करायची, आठवतंय ना? तसंच हे. पत्त्याच्या पानाएवढं, अडीच इंच बाय साडेतीन इंचाचं कार्ड. पुढं खेळाडूचा फोटो, मागं त्याची माहिती. तिकडं हा शंभर वर्षांहून जुना नाद आहे. पूर्वी सिगारेटच्या पाकिटात बेसबॉलच्या खेळाडूंची चित्रं यायची. त्यातलं होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं एक जुनं कार्ड 2022 मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. डॉलरला, रुपयाला नव्हे! कागदाच्या तुकड्याला एवढे पैसे देणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

पण नातवाची कार्डं विकत मिळतच नाहीत. तो ती घरी बनवतो. कारण त्याला आवडतो इनडोअर फुटबॉल, आणि त्या खेळाडूंची कार्डं मोठ्या कंपन्या क्वचितच छापतात.

हा खेळ थोडा समजून घ्या. नाव फुटबॉल, पण पायाचं काम फार कमी. चेंडू नारळासारखा लांबट. तो काखेत धरून पळायचं किंवा फेकायचा, आणि समोरच्यांनी मिठी मारून पाडायचं. मला तर कबड्डीतली पकडच आठवायची. मोठा खेळ उघड्या मैदानावर चालतो, अकरा-अकरा जणांचा, शंभर यार्डांवर. छपराखालचा इनडोअर खेळ त्याच्या निम्म्या जागेत, आठ-आठ जणांचा. मैदानाच्या कडेला गादी लावलेली बुटकी भिंत असते आणि भिंतीला लागूनच पहिली रांग. गडी भिंतीवर आदळला की आपल्याच मांडीत येऊन पडतो की काय असं वाटतं. या खेळाचा जन्मही कागदाच्या तुकड्यावरच झाला. 1981 मध्ये जिम फॉस्टर नावाचा गृहस्थ न्यूयॉर्कला इनडोअर सॉकरचा सामना बघत बसला होता. सॉकर म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो. बघता बघता त्याने हातातल्या पाकिटावर या नव्या खेळाचा आराखडा काढला. 1987 मध्ये त्याची लीग सुरू झाली.

या खेळात पैसा कमी. मोठ्या लीगमधले खेळाडू कोट्यधीश असतात, इथल्यांना दर सामन्यामागे काही शे डॉलर मिळतात. हंगाम संपला की कुणी गोदामात, कुणी शाळेत, कुणी बांधकामावर. डे मॉईन शहराच्या संघाचं नाव आयोवा बार्नस्टॉर्मर्स. त्या संघातून 1995 ते 1997 कर्ट वॉर्नर खेळला. त्याआधी एका मोठ्या संघाने त्याला सरावाला बोलावून परत पाठवलं होतं, आणि तो सीडर फॉल्स गावातल्या किराणा दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर फळ्यांवर माल लावत होता. पुढं 1999 च्या हंगामात सेंट लुईसच्या मोठ्या संघातला मुख्य खेळाडू जखमी झाला, याला संधी मिळाली, आणि जानेवारी 2000 मध्ये तो देशातला सगळ्यात मोठा सामना, सुपर बोल, जिंकून त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोष्ट खरी आहे, आणि तिकडं लहान पोरंही ती सांगतात. पण मला वाटतं, एका वॉर्नरच्या मागे शेकडो जण असे आहेत, ज्यांना तो दुसरा फोन कधी आलाच नाही. नातवाची कार्डं आहेत ती या शेकडो जणांची.

बनवण्याची रीत सांगते, कारण ती करण्यासारखी आहे. तो पहिल्या रांगेतून फोटो काढतो. चार बाय सहा इंचाच्या एका फोटोप्रिंटमध्ये अशी दोन कार्डं बसतात. प्रिंट दिवसभर वाळवायची, नाहीतर शाई फिसकटते. मग फोटो जाड कार्डशीटवर चिकटवायचा, मागच्या बाजूला माहितीचा कागद, आणि रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवायचं. सकाळी स्टीलची पट्टी धरून कटरने कापायचं. कात्रीने कड वाकडी येते. सही करायला मार्कर पेन. चकचकीत फोटोवर मार्करची शाई थेंब होऊन पसरते, म्हणून आधी बोटाने जराशी अंगाची पावडर चोळून पुसून घ्यायची. फिक्या फोटोवर निळा मार्कर, गडद फोटोवर चंदेरी. आणि ही कार्डं विकायची नाहीत, घरी ठेवायची किंवा ज्याचा फोटो त्याला द्यायची. संघाचं नाव आणि चिन्ह यांवर मालकी असते ना, म्हणून.

प्रत्येक खेळाडूची दोन कार्डं. एकावर सही घ्यायची, दुसरं त्यालाच देऊन टाकायचं. सामना संपला की लोकांना मैदानात उतरू देतात, आणि घामाने निथळणारे खेळाडू उभे राहून सह्या देतात.

आता मुद्द्याचं सांगते. कार्डाच्या मागं आकडे असतात. किती वेळा चेंडू पलीकडे नेला, किती यार्ड पळाला, वगैरे. पण या खेळात काही गडी असे असतात की त्यांच्या नावापुढं आकडाच नसतो. ते पुढच्या ओळीत उभे राहतात, तीनशे पौंडांचे धिप्पाड, म्हणजे वजन एकशे पस्तीस किलोच्या आसपास. त्यांचं काम एकच. समोरून येणाऱ्याला अडवायचं, म्हणजे मागचा माणूस सुखाने चेंडू फेकेल. ते चेंडूला हात लावत नाहीत. त्यांचं काम चोख झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तर मात्र सगळ्या स्टेडियमला दिसतं.

नातवाने अशा एका गड्याचं कार्ड केलं आणि मागची बाजू कोरी राहिली. मी म्हटलं, उंची-वजन लिही की. तर म्हणाला, "आजी, ते काय त्याने केलेलं काम आहे का?" मग त्याने दोन सामने फक्त त्या एकाच माणसाकडे बघितलं. चेंडू कुठं गेला ते बघायचं नाही! वहीत रेघा ओढत गेला, किती वेळा याने समोरच्याला अडवलं, किती वेळा तो निसटला. मीही शेजारी बसून मोजले, कारण त्याला दुसऱ्या कुणाचे तरी आकडे जुळवून बघायचे होते. खरं सांगते, त्या दोन सामन्यांत मला खेळ जेवढा कळला तेवढा आधी कळला नव्हता.

ते आकडे त्याने कार्डाच्या मागं लिहिले. सामन्यानंतर तो गडी वाकून कार्ड वाचू लागला. दोनदा वाचलं. म्हणाला, हे मोजलं कुणी? नातवाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि स्वतःकडे. त्याने एका कार्डावर सही केली, खाली आपला नंबर घातला. दुसरं कार्ड त्याला दिलं, तर त्याने पेन नातवाच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, यावर तू सही कर, मी हे आईला पाठवणार आहे.

तीन आठवड्यांनी त्याला संघातून कमी केलं. या खेळात हे नेहमीचं. संघाच्या यादीतून नाव निघालं. संघच्या संघ आणि लीगच्या लीग बंद पडतात तिथं. फॉस्टरच्या लीगचा 2009 चा हंगाम झालाच नाही, नंतर ती पुन्हा उभी राहिली आणि 2019 मध्ये बंद पडली. बार्नस्टॉर्मर्सचा वॉर्नरच्या वेळचा मूळ संघसुद्धा 2001 मध्ये न्यूयॉर्कला हलवला होता, आजचा संघ नंतर उभा केलेला आहे. त्या गड्याचे दोन सामन्यांचे आकडे आता दोनच ठिकाणी असतील, नातवाच्या डब्यात आणि त्याच्या आईकडे.

इथं परत आल्यावर मी आमच्या गटाची फोटोंची पिशवी उघडली. पंधरा वर्षांचे फोटो. मेळावे, बँकेतला कार्यक्रम, पापडाचं यंत्र आलं तो दिवस. पाहुण्यांची नावं बातमीच्या कात्रणात छापलेली आहेत. आमच्या बायांपैकी दोघी आता हयात नाहीत, आणि एका फोटोत मागे उभी असलेली बाई कोण यावर आमचंच एकमत होईना. आम्ही दोन दुपारी बसून प्रत्येक फोटोच्या मागं नावं लिहिली, आणि नावापुढं तिचं काम. हिशेब कोण ठेवायचं, वसुलीला कोण फिरायचं, सगळ्यांसाठी चहा कोण करायचं. ज्या आधी अंगठा द्यायच्या आणि गटात आल्यावर सही शिकल्या, त्यांनी आपापल्या नावापुढं सह्या केल्या.

आता आमच्या शाळेतल्या मुलींच्या कबड्डी संघाची कार्डं करायचं ठरलं आहे. तुम्हालाही करायची असतील तर मुलीला आणि तिच्या आईवडिलांना आधी विचारा. कार्डावर पत्ता, फोन नंबर घालू नका. टाळ्या चढाई करणाऱ्या मुलीला मिळतात, त्यामुळे तिच्या कार्डामागे काय लिहायचं हा प्रश्न येणार नाही. पकडीच्या वेळी साखळी धरून उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी मात्र सामन्याला एकीला वही घेऊन बसवावं लागेल. तिने चढाईवालीकडे बघायचं नाही. आणि फोटोच्या खाली दोन बोटं जागा कोरी सोडा, सहीसाठी.