विकले गेले म्हणजे काय?



रॉक संगीतात 'इंडी' नावाचा एक पंथ आहे. इंडी म्हणजे स्वतंत्र. मोठ्या कंपन्यांच्या दारी न जाता एखाद्या छोट्या कंपनीकडून, प्रसंगी पदरमोड करून, हे लोक आपल्या तबकड्या काढतात. असा बँड पुढे चार लोकांना आवडू लागला, की त्याचे जुने चाहतेच प्रथम त्याच्यावर उठतात. म्हणतात, हे विकले गेले! हा आरोप कितपत खरा, हे एकाच उदाहरणावरून पाहण्याचा आमचा विचार आहे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अथेन्स हे विद्यापीठाचे गाव आहे. एप्रिल १९८० मध्ये तेथील एका जुन्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला, चौघा तरुणांनी पहिला कार्यक्रम केला. हाच पुढे 'आर.ई.एम.' बँड झाला. १९८१ साली त्यांची पहिली तबकडी निघाली, ती हजारभर प्रतींची. १९८३ च्या 'मर्मर' या संग्रहात गायक मायकेल स्टाइप असा पुटपुटतो, की निम्मे शब्द कळत नाहीत. ज्याने त्याने आपला अर्थ लावावा. असा अर्थ लावणाऱ्याला ते गाणे आपल्या घरचेच वाटू लागले, यात नवल ते काय?

१९८६ पासून शब्द स्पष्ट ऐकू येऊ लागले. १९८७ साली एक गाणे अमेरिकेतील पहिल्या दहांत गेले आणि १९८८ साली वॉर्नर या बड्या कंपनीशी करार झाला. मग काय, ओरड झालीच.

आमच्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. शब्द स्पष्ट झाले ते कराराच्या आधी दोन वर्षे, छोट्या कंपनीकडे असतानाच. शिवाय ती 'छोटी' आय.आर.एस. कंपनी तरी आपला माल मोठ्या कंपन्यांमार्फतच दुकानांत पोचवीत असे. सोवळ्याच्या भरात हे सांगायचे राहून जाते!

वॉर्नरकडे गेल्यावर काय घडले? १९९१ साली 'लूझिंग माय रिलिजन' आले. मँडोलिनवर उभे राहिलेले, नेहमीसारखे ध्रुवपद नसलेले हे गाणे. ते आधी बाजारात आणण्यास कंपनी कचरत होती. बँड अडून बसला. गाणे चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. अशा वेळी गावोगाव दौरा काढून विक्री वाढवायची, ही धंद्याची रीत. यांनी दौराच काढला नाही. पुढच्याच वर्षीचा संग्रह बराचसा मृत्यूविषयी, संथ लयीचा. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून माल करणारा असले काही करील, असे आम्हांस वाटत नाही.

पैसा आलाच नाही, असे मात्र नव्हे, पुष्कळ आला. आणि दुसरी वाट नव्हती, असेही नव्हे. वॉशिंग्टनचा 'फुगाझी' बँड आपल्याच मंडळींच्या कंपनीकडे राहिला आणि तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवून वाजवीत राहिला. त्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे.

जुन्या चाहत्यांचे दुःखही आम्ही खोटे म्हणणार नाही. 'मर्मर'मधील ते अर्धवट शब्द पुन्हा आले नाहीत. हाताच्या अंतरावर उभे राहून ऐकण्याची ती जागाही गेली. पण हे दुःख गमावल्याचे आहे; त्यासाठी कोणावर फितुरीचा आळ कशाला?

ते अथेन्सचे चर्च १९९० साली पाडण्यात आले. मनोरा तेवढा राहिला आहे, आणि लोक दुरून तो पाहायला येतात.