हॉर्न मोठा, पण करंट कुठाय?

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला: गाडीला मोठा हॉर्न कसा लावायचा, आणि लावल्यावर तो वाजत का नाही?

मी बोर्ली पंचतनचा. आमच्याकडे हॉर्न हा शौक कमी, गरज जास्त. म्हसळ्याकडून बोर्लीला येताना वळणं बघा. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी झाडी रस्त्यावर आलेली, समोरून एसटी. तिकडे दिवेआगरला वाड्यांच्या मधल्या अरुंद गल्ल्या आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या. कंपनीचा बारीक ‘पीप’ तिथे कुणाला ऐकू जाणार?

पण आधी एक सांगतो. आवाज हॉर्नमधून येतो, आणि हॉर्नला लागतो करंट. कंपनीचा छोटा हॉर्न साधारण दोन-तीन अँपिअर घेतो. बाजारातली मोठ्या हॉर्नची जोडी आठ ते दहा घेते. तुम्ही जुन्याच बारीक वायरीवर जोडी लावलीत, तर सगळा भार हँडलवरच्या नाजूक बटणावर. वायर आणि जोड मिळून पाव ओहमचा अडथळा असला, तरी आठ अँपिअरला दोन व्होल्ट वाटेतच गेले. बारा व्होल्टचा हॉर्न दहावर वाजणार, म्हणजे घोगरा. वर बटण हळूहळू जळणार ते वेगळंच.

म्हणून रिले. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच. चार पायांचा साधा रिले घ्या, त्यावर नंबर छापलेले असतात. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर, दीड स्क्वेअर एमएमची. ८७ वरून हॉर्नला. हॉर्नची दुसरी वायर थेट बॅटरीच्या मायनसला. राहिले ८५ आणि ८६. जुन्या हॉर्नला येणाऱ्या दोन्ही वायरी तिथे लावा. तुमच्या गाडीत बटण प्लस तोडतं की मायनस, हा घोळच राहत नाही. साध्या रिलेला उलटसुलट चालतं; आत डायोड असलेला असेल, तर मात्र त्यावरची खूण बघून लावा. कंपनीची वायर कापू नका, पिना लावून जोडा. उद्या जुना हॉर्न परत लावता येतो.

फ्यूज विसरायचा नाही. दहा अँपिअरच्या जोडीला पंधराचा फ्यूज, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ. कारण फ्यूज हॉर्नसाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरी ते फ्यूज या तुकड्यात शॉर्ट झालं, तर थांबवायला कुणीच नाही आणि वर पेट्रोलची टाकी. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढा, जोडताना शेवटी जोडा.

हॉर्नचं तोंड थोडं खाली ठेवा, पाणी साचत नाही. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जाते का, घासते का.

आता बिघाड. बटण दाबा आणि रिलेला कान लावा.

‘टिक’ येत नाही? मग बिघाड बटणात, जुन्या वायरीत किंवा रिलेच्या कॉइलमध्ये. ‘टिक’ येतेय पण हॉर्न गप्प? फ्यूज बघा, मग ३० आणि ८७ चे जोड, मग मायनस. आवाज घोगरा? मीटर थेट हॉर्नच्या दोन पिनांवर लावून बटण दाबा. बॅटरीवर बारा आणि हॉर्नवर दहा दिसले, तर हॉर्न बदलू नका, जोड साफ करा. बॅटरीवरच व्होल्टेज धाडकन पडतंय? मग बॅटरी थकलीय. हॉर्न वाजतच राहतोय? बटण अडकलंय किंवा रिलेचे पॉइंट चिकटलेत. पटकन फ्यूज काढा. फ्यूज पुन्हापुन्हा उडतोय? मोठा फ्यूज घालू नका, वायर कुठे सोललीय ते शोधा.

आपल्या किनाऱ्यावर निम्मं दुखणं खाऱ्या हवेचं. तांब्यावर हिरवा थर येतो, पिना गंजतात. पावसाळ्याआधी आणि नंतर पिना काढून पॉलिश पेपरने घासा, वरून थोडं व्हॅसलीन लावा. नवा हॉर्न घेण्याआधी हे एकदा करून बघाच. कित्येकदा जुनाच हॉर्न खणखणीत वाजायला लागतो. आणि हिशेब ऐका: एका हॉर्नशेजारी तसाच दुसरा लावला, तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. दुप्पट पैसे, दुप्पट आवाज असं काही होत नाही.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११९ सांगतो की वेगवेगळे सूर एकामागून एक काढणारे, कर्कश, दचकवणारे हॉर्न चालत नाहीत. म्हणजे ती ट्रकवाली सुरावट नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफनुसार विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवला, तर पहिल्यांदा हजार रुपये दंड, पुन्हा केलं तर दोन हजार. तेव्हा एका सुराचा साधा हॉर्न घ्या. दवाखाना आणि शाळा आली की अंगठा बटणावरून काढा.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. वळणावर हॉर्न फक्त ‘मी येतोय’ एवढं सांगतो. समोरच्याने ऐकलं की नाही, हे तुम्हाला कळत नाही. त्याच्या कानात इअरफोन असेल, गाडीच्या काचा बंद असतील, रस्त्यात बसलेली गुरं असतील. गुरं काय, हॉर्नला उठत पण नाहीत! म्हणून हॉर्न दाबतानाच वेग कमी करा आणि आपली डावी बाजू धरा. ज्याला मोठा हॉर्न लावल्यावर वळणावर ब्रेक मारावासा वाटत नाही, त्याने तो काढून ठेवलेला बरा.

वायरिंग करताना कुठे अडलात तर मेसेज टाका, गाडीचं मॉडेल आणि ‘टिक’ येते की नाही एवढं नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा!